कापसाला लागलेला रंग

मागच्या आठवड्यात ऑफिसात डबे उघडले आणि 'धडक २' वरून विषय निघाला. कुणीतरी ओटीटीवर बघितला होता. मग नेहमीचं सुरू झालं, की हल्ली प्रत्येक पिक्चरमध्ये जात घुसवतात, रंग घुसवतात, सगळं जबरदस्तीचं चाललंय, २०२३ ला त्या इंग्रजी पिक्चरमध्ये जलपरीसुद्धा काळी घेतली, आता अजून काय राहिलं, आम्हाला दिवसभराच्या कामानंतर दोन तास करमणूक पाहिजे, बस. बोलणारी माणसं वाईट नाहीत हे आधीच सांगते, मी आजारी होते तेव्हा याच लोकांनी माझं काम ओढलंय. पण मी घास हातात धरून बसले आणि एक शब्द बोलले नाही, आणि रात्री दोनपर्यंत मला झोप नाही. जे तिथं बोलायला पाहिजे होतं ते इथं लिहितेय, लांबेल, चालवून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याची. रंगानं काळी. सावळी नाही, गव्हाळ नाही, काळी. लोक माझ्यासमोर हा शब्द टाळतात आणि 'डस्की' वगैरे म्हणतात तेव्हा मला जास्त लागतं, कारण टाळायचं म्हणजे त्यात काहीतरी वाईट आहे असंच झालं ना.

बारावीनंतर २००७ ला पुण्यात शिकायला आले. तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या रोज पेपरात असायच्या, टीव्हीवाले यायचे, मंत्री यायचे. तर दुसऱ्या वर्षाला कॉलेजनं स्पर्धेसाठी एकांकिका घेतली ती आमच्याकडचीच, बाप गेलेल्या, कापूस वेचायला जाणाऱ्या पोरीची. नोटीस वाचून मला काय झालं ते सांगता येत नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत आईसोबत वेचणीला जायची, सातवीपासून. पुण्यात आल्यापासून मी तोंड उघडलं की कुणीतरी हसायचं, 'मी जाऊन राहिली' म्हटलं की हसायचं, आणि आता पहिल्यांदा असं काहीतरी होतं जे त्या अख्ख्या कॉलेजात फक्त मला येत होतं.

ऑडिशन दिली. बसवणारा सीनियर खूश झाला, म्हणाला परत बोल, परत बोल, काय गोडवा आहे. दुसऱ्या दिवशी यादी लागली. मुख्य काम कोथरूडच्या एका मुलीला, आणि माझ्या नावापुढं 'बोलीभाषा मार्गदर्शन' आणि गर्दीतली एक बाई. मी धीर करून विचारलं, का. तो अगदी प्रेमानं म्हणाला, "अगं तू लाईटमध्ये उठून दिसणार नाहीस, आणि तुझं ते सगळं नॅचरलच आहे, त्यात अभिनय कुठं दिसणार परीक्षकांना?"

हे दुसरं वाक्य मी सतरा वर्षं डोक्यात घेऊन फिरतेय.

मी तिला शिकवलं. मनापासून शिकवलं, कारण ती चांगली मुलगी होती आणि आजही माझी मैत्रीण आहे. 'मले' 'तुले' शिकवलं, 'काऊन' कुठं म्हणायचं आणि 'कायले' कुठं ते शिकवलं. कमरेला ओटी कशी बांधायची, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळीत वाकून कसं पुढं सरकायचं, कापूस तीन बोटांनी असा ओढायचा की वाळलेला पाला सोबत येत नाही, आणि कितीही जपलं तरी बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचतातच. बाबांना फोन करून खरा कापूस मागवला, त्यांनी एसटीच्या पार्सलनं पोतं पाठवलं.

प्रयोगाच्या दिवशी मेकअपवाले काका आले. तिला खुर्चीत बसवलं आणि मला आरसा धरायला सांगितला. काकांकडं पॅनकेकच्या, म्हणजे तोंडाला लावायच्या मेकअपच्या रंगाच्या, चार-पाच डब्या होत्या, ते एकेक डबी उघडायचे आणि माझ्या गालाजवळ धरून बघायचे, ही जुळते का ती. सीनियर मागून म्हणाला, "हिच्यासारखी करा काका, पण थोडी कमी." मग ओला स्पंज घेऊन त्यांनी तिचा चेहरा, मान, कानामागं, कोपरापर्यंत हात, पायाचे पंजे असं सगळं भरलं. मी आरसा धरून उभी होते, माझा हात दुखायला लागला तरी खाली केला नाही. आरशात ती दिसत होती आणि आरशाच्या वर मी.

प्रयोग छान झाला. तिला अभिनयाचं बक्षीस मिळालं. सगळे नाचत बाहेर गेले आणि पोतं आवरायला मी मागं थांबले. कापूस गोळा करताना बघितलं, तर प्रत्येक बोंडावर तपकिरी बोटं उठलेली. तिच्या हाताला लाईटखाली घाम आलेला असणार आणि पॅनकेक कापसाला लागलेलं. आईनं आणि मी आयुष्यात इतका कापूस वेचला, आमच्या हाताचा रंग त्याला कधी लागला नाही.

एक पुंजका मी खूप वर्षं डबीत ठेवला होता. नंतर घर बदलताना कुठंतरी गेला.

आता 'जबरदस्ती' म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय, की ही कोणती गोष्ट होती मग? आमचं दुःख पाहिजे, आमची भाषा पाहिजे, आमचा रंगसुद्धा पाहिजे, पण डबीतला, संध्याकाळी साबणानं धुता येईल असा. बाकी सगळं घेतलं आणि माणूस तेवढा बाहेर ठेवला. आणि हे एका कॉलेजातलं पोरखेळ प्रकरण असतं तर मी कधीच सोडून दिलं असतं.

२०१९ हे एकच साल घ्या. जुलैमध्ये 'सुपर ३०' आला, बिहारच्या गरीब घरातल्या शिक्षकाची गोष्ट, खऱ्या माणसाची, आणि हृतिक रोशनला तपकिरी करून उभा केला. नोव्हेंबरमध्ये 'बाला', त्यात तर रंगावरून मुलीला कसं छळतात हाच विषय, आणि ते सांगायला भूमी पेडणेकरचा चेहरा काळा केला. आणि त्याच दिवाळीच्या सुमाराला स्टार प्रवाहवर 'रंग माझा वेगळा' सुरू झाली. ही मालिका आमच्या घरात सगळ्यांनी बघितली म्हणून हिच्याबद्दल जरा जास्त बोलते.

दीपा नावाची काळी मुलगी, हुशार, स्वाभिमानी, आणि सासू तिचा रंग बघून तिला नाकारते. माझी आई आणि भावाची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची, दोघी एक भाग चुकवायच्या नाहीत. पोरगी माझ्याच रंगाची आहे. दीपाचा अपमान झाला की ही उशी घट्ट धरून बसायची, दीपा उलट बोलली की टाळ्या. मला खरंच बरं वाटत होतं, म्हटलं आमच्या वेळी टीव्हीवर रंगाबद्दल काही असेल तर ती गोरं करायच्या क्रीमची जाहिरात असायची, निदान हिला हे तरी मिळालं. मग २०२० च्या दिवाळीत मी घरी गेले तर ती भावाच्या मोबाइलवर इन्स्टाग्राम बघत होती, आणि एकदम मोबाइल घेऊन माझ्याकडं आली.

"आत्या, हे दीपा हाये?"

रेश्मा शिंदेचा फोटो होता, कुठल्यातरी कार्यक्रमातला, साडीत, छान गोरीपान. मी म्हटलं हो, तीच. मग मेकअप म्हणजे काय, पात्र म्हणजे काय, सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "मंग त्याइले खरी काळी पोरगी नाही भेटली काय?"

काय सांगणार होते मी. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती, तीसुद्धा काही बोलली नाही. त्या अभिनेत्रीबद्दल माझी काडीची तक्रार नाही, तिनं काम उत्तम केलं, रोज तो मेकअप अंगावर घेऊन तासन् तास शूटिंग करणं सोपं नाही. पण काळ्या रंगामुळं मुलींना कसं नाकारतात हे सांगणारी मालिका करायला बसलेल्या लोकांनी काळ्या मुलींना पहिल्याच पायरीवर नाकारलं, हे दहा वर्षांच्या पोरीला कळलं, मोठ्यांना कसं कळत नाही. जिथं विषयच हा आहे तिथंसुद्धा आम्ही चालत नसू तर मग कुठं चालणार? तेच २०२० साल, 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं होतं. डबी बदलली की आतलं बदलतं असं नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, अभिनय म्हणजेच दुसरं कुणीतरी होणं, मग खुन्याचं काम खुन्यानंच करायचं का. मला हे उत्तर तत्त्व म्हणून मान्य आहे, खरंच मान्य आहे. कुणीही कुणाचंही काम करावं. पण मग ते दोन्हीकडून चालू द्या ना. दारव्ह्याची मुलगी पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या कामासाठी ऑडिशनला गेली की 'टोन येतोय' म्हणून पहिल्या वाक्याला थांबवतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की अभिनय आहे, शिकेल ती. कोथरूडनं वऱ्हाडी होणं याला कला म्हणायचं, आणि वऱ्हाड्यानं वऱ्हाडी केलं की ते नॅचरल, आणि वऱ्हाड्यानं पुणेरी केलं की जमत नाही. त्या सीनियरचं वाक्य म्हणूनच मला विसरता येत नाही, तो एकटा तसा नव्हता, सगळा धंदाच त्या वाक्यावर चालतो.

'सैराट' आला तेव्हा हेच झालं होतं. रिंकू राजगुरू, अकलूजची शाळकरी पोरगी, तिला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला, आणि माझ्या आसपासचे लोक म्हणत होते की ती तशीच आहे खऱ्यात, अभिनय वगैरे काही नाही. अरे, ट्रॅक्टर चालवता येणं आणि कॅमेऱ्यासमोर तीन तास एक अख्खी मुलगी उभी करणं यात काही फरक आहे की नाही. दुसरं कारण असतं टीआरपी आणि पैशाचं, म्हणजे आम्हाला काही अडचण नाही हो, प्रेक्षकच असले चेहरे स्वीकारत नाहीत. तर २९ एप्रिल २०१६ ला कुणाला माहीत नसलेली दोन नवी पोरं, करमाळ्याकडची बोली, आणि मराठीत पहिल्यांदा कुठल्या पिक्चरनं १०० कोटींचा आकडा बघितला तर यानंच. प्रेक्षकांचं नाव पुढं करणाऱ्यांना एवढं एक उदाहरण पुरायला पाहिजे होतं. पण त्यातून हिंदीवाल्यांनी काय घेतलं ते बघा. दोन वर्षांनी 'धडक' केला, उदयपूरचे तलाव, सुंदर महाल, मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या होता तो हॉटेलवाल्याचा मुलगा झाला, आणि ज्या जातीमुळं त्या दोघांचा शेवट तसा होतो ती जात एक-दोन वाक्यांपुरती उरली. गाणी घेतली, पळून जाणं घेतलं, रक्तसुद्धा घेतलं. पण का मारलं हे पुसट केलं. नागराज मंजुळे जेऊरचा नसता, स्वतः त्यातून आलेला नसता, तर मूळ पिक्चरमध्येसुद्धा हेच झालं असतं असं मला वाटतं, म्हणून कॅमेऱ्यासमोर कोण याच्याइतकंच महत्त्वाचं आहे की कॅमेऱ्यामागं आणि लिहायला कोण बसलंय.

'धडक २' मी बघितला. डब्यावर ज्याला शिव्या पडल्या तोच. मला आवडला. शाझिया इक्बालनं जात सरळ जात म्हणून दाखवली, हिरोचं आडनाव अहिरवार आहे आणि त्या आडनावानंच सगळी गोष्ट पेटते, सेन्सॉरनं कात्री लावूनसुद्धा पिक्चरचा आवाज बसला नाही. आणि तरी तिथंसुद्धा सिद्धांत चतुर्वेदीचा चेहरा काळवंडलेला केलाय, त्यावर टीका झाली आणि ती बरोबरच होती. दलित म्हणजे काळा, असं कुणी ठरवलं? माझा सख्खा भाऊ गोरा आहे. म्हणजे आता जात सांगायची हिंमत आली पण पॅनकेकची डबी हातातून सुटली नाही. मी ते बघताना आरसा धरून उभी असल्यासारखी बघत होते.

आडनावाचं निघालं म्हणून सांगते. आमच्या शाळेत हजेरी घेताना बाई वाचायच्या ती यादी मला अजून पाठ आहे, आडे, आत्राम, इंगोले, कुमरे, खान, गजभिये, चव्हाण, मेश्राम, राठोड, शेख. बंजारा, गोंड, कुणबी, मुसलमान, आम्ही बौद्ध, सगळे एका बाकावर तीन-तीन. आता संध्याकाळी सात ते दहा मराठी चॅनेल लावा आणि घरांवरच्या पाट्या वाचा, देशमुख, इनामदार, सरदेसाई, कुलकर्णी, पाटील, परत देशमुख. मी त्या आडनावांवर अजिबात नाराज नाही, त्यांच्या गोष्टी सांगाव्यात, खूप सांगाव्यात. पण गजभिये आडनावाच्या बाईनं सकाळी उठून चहा ठेवला, पोराच्या प्रेमाची भानगड कळली, नणंदेशी बिनसलं, दागिना गहाण टाकला, अशी साधी सरळ कौटुंबिक मालिका मी जन्मात बघितली नाही. आम्ही येतो ते अन्याय घेऊनच येतो. आमच्याकडं नणंदा नसतात का? आणि शेख आला तर तो हिरोचा मित्र, ईदच्या भागाला शिरखुर्मा घेऊन येणार आणि परत सहा महिने गायब, त्याला घर नाही, आई नाही, कुणावर प्रेम नाही. याला मात्र मी जबरदस्तीच म्हणीन. घुसवणं याला म्हणतात, एक माणूस दाराशी आणून उभा करायचा आणि आत बसायला खुर्ची द्यायची नाही.

भाषेचं तसंच. कोल्हापुरी बोलणारा हिरो 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला, मालवणी 'रात्रीस खेळ चाले'मध्ये आली आणि लोकांनी जेवणं थांबवून बघितली, दोन्ही २०१६ ची गोष्ट. म्हणजे येतं, चालतं. वऱ्हाडीच्या नशिबी अजून विनोदच आहे. भारत गणेशपुरेंनी आमची बोली महाराष्ट्रभर पोचवली त्याबद्दल माझ्या मनात फक्त आदर आहे, त्यांच्यामुळं पुण्यात माझ्या बोलण्याला हसणारे लोक प्रेमानं हसायला लागले. पण वऱ्हाडीत कुणी प्रेमाची कबुली दिलीय, कुणी बापाशी भांडून घर सोडलंय, कुणी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर रडतंय, हे रोजच्या मालिकेत मला बघायचंय. आम्ही रडतो ते वऱ्हाडीतच रडतो.

ऑफिसातल्या त्या सगळ्यांना मला जे सांगायचं होतं ते खरं तर वादाचं नव्हतंच. त्यांना म्हणायचं होतं की तुम्ही आयुष्यभर टीव्ही लावला की तुमच्यासारखं कुणीतरी दिसलं, म्हणून तुम्हाला ते कधी जाणवलं नाही, हवा जाणवत नाही तसं. ते मिळालं नाही की काय होतं आणि अचानक मिळालं की काय होतं हे मी एकदा माझ्या डोळ्यांनी बघितलंय, ते सांगते आणि थांबते.

मार्च २०२२. 'झुंड' लागला होता. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं फुटबॉल खेळतात, विजय बारसे सरांच्या कामावरून घेतलेली गोष्ट, अमिताभ बच्चन मास्तर झालाय आणि पोरं बहुतेक नागपूरचीच, त्यातल्या अंकुश गेडामला नंतर फिल्मफेअरचं पदार्पणाचं बक्षीस मिळालं. मी सुट्टी काढून गावी गेले होते, आईला म्हटलं चल, यवतमाळला जाऊन बघू. एसटीचा संप चालू होता, काळीपिवळीत दाबून बसून गेलो. आई थिएटरात बसली तिला वीस-पंचवीस वर्षं झाली असतील, खुर्चीच्या टोकावर बसली होती, पदर सावरून, कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी. पडद्यावर पोरं आली, धूळ, नाला, पत्रे, शिव्या, ती चाल, ते बोलणं, आणि आई माझ्या कानात म्हणाली, "हे तं आपल्या पुऱ्यातले पोट्टे हायेत." मग हळूहळू मागं टेकली. भीमजयंतीचा सीन आला, डीजे, निळे झेंडे, बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं अमिताभ उभा, आणि मी बाजूला बघितलं तर आईनं अंधारात हात जोडले होते. घरात रोज सकाळी जोडते तसेच. आमच्या मागच्या रांगेत कुणीतरी 'जय भीम' म्हणालं, आणि आईनं मान न वळवता 'जय भीम' म्हणून उत्तर दिलं, सहज, रस्त्यात कुणी भेटल्यासारखं.

परत येताना काळीपिवळीत ती त्या पोरांबद्दलच बोलत होती, तो असा पळला, त्यानं असं केलं, त्याच्या मायला किती वाईट वाटलं असन. घरी पोचलो तर शेजारच्या काकू वाटच बघत होत्या, त्यांनी दारातच विचारलं, "काय वं, अमिताभ कसा दिसते?"

आई चपला काढत म्हणाली, "त्याच्याकडं कोण पाह्यते वं, मी तं पोट्ट्याइलेच पाहत होती."